जांभ्यातील लोहाचे वजन

कोकणातील काशीद हे गाव ज्या मुरूड तालुक्यात वसले आहे, तेथील डोंगरमाथ्यांवर जांभा आणि काही ठिकाणी बॉक्साइट आढळते. बेसॉल्ट खडकातील चुना, मॅग्नेशिया आणि बरीचशी सिलिका पावसाच्या पाण्याबरोबर दीर्घकाळ झिरपून गेली व लोह, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली, त्यातून हा तांबडा दगड घडला. त्यात लोह किती, हे रंगावरून सांगता येत नाही, कारण थोडेसे हेमॅटाइटही दगडाला गडद रंग देते. ते ठरवण्याची जुनी आणि आजही आदरास पात्र असलेली रीत म्हणजे भारमापनात्मक विश्लेषण, म्हणजे हवा तो धातू ठरावीक संघटनाच्या संयुगात बांधून त्याचे वजन करणे.

दगडाची पूड तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून द्रावण कोरडे होईपर्यंत आटवतात, त्यामुळे सिलिका अविद्राव्य होऊन गाळता येते. मग नायट्रिक आम्लाने सर्व लोह फेरिक अवस्थेत आणून अमोनिया घालतात, तेव्हा फेरिक हायड्रॉक्साइडचा तपकिरी, बुळबुळीत साका खाली बसतो. खरे कौशल्य तो धुण्यात आहे. नुसत्या पाण्याने धुतल्यास साक्याचे अतिसूक्ष्म कण सुटून गाळणकागदातून निसटतात, आणि क्लोराइड उरल्यास तापवताना फेरिक क्लोराइडच्या वाफेबरोबर थोडे लोह उडून जाते. म्हणून धुण्यासाठी अमोनियम नायट्रेटचे गरम द्रावण वापरतात. राख जवळजवळ न ठेवणारा गाळणकागद साक्यासह मुशीत ठेवून भरपूर हवेत जाळावा लागतो, नाहीतर कागदाचा कार्बन साक्यापासून बनणाऱ्या फेरिक ऑक्साइडातील काही ऑक्सिजन ओढून घेतो. मूस शोषकपात्रात, म्हणजे हवेतील ओलावा आत येऊ न देणाऱ्या झाकणाच्या भांड्यात, निवू देऊन तोलतात, आणि लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत हे तापवणे-तोलणे चालू राहते. शुद्ध फेरिक ऑक्साइडच्या वजनाला ०.६९९४ ने गुणले की लोह मिळते: ०.५ ग्रॅम नमुन्यातून ०.२ ग्रॅम ऑक्साइड आले, तर लोहाचे प्रमाण सुमारे २८ टक्के.

याच रीतीच्या काटेकोरपणातून थिओडोर रिचर्ड्‌स यांनी अणुभार निश्चित केले आणि १९१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. आजची उपकरणे कितीतरी वेगवान असली, तरी त्यांना तुलनेसाठी ज्ञात प्रमाणाचा नमुना लागतो. येथे तराजू आणि अणुभार पुरतात.

जांभा मात्र या रीतीची कठोर परीक्षा घेतो, कारण अमोनिया लोहाबरोबर ॲल्युमिनियम व टायटॅनियमही खाली आणतो आणि मुशीत उरते ते तिघांच्या ऑक्साइडांचे एकत्रित वजन. त्यामुळे लोह व टायटॅनियम वेगळ्या पद्धतींनी मोजून या वजनातून वजा करतात आणि बाकी ॲल्युमिना धरतात. परिणामी लोहाच्या मोजणीत राहिलेली प्रत्येक चूक बॉक्साइटचा दर्जा ठरवणाऱ्या आकड्यात उलट चिन्हाने उतरते.