ग्रीन कार्डची रांग आणि गुरुजींचे त्रैराशिक

माध्यमिक शाळेत ज्यांनी मला गणित शिकविले ते गुरुजी डिसेंबर २०२५ मध्ये एका सायंकाळी अचानक घरी आले. वय सत्त्याहत्तर, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला एक छापील कागद. चहा होईपर्यंतही त्यांना दम नव्हता. "अरे, तू अर्थशास्त्र शिकवतोस ना? मग एवढे त्रैराशिक मांडून दे. माझे मी मांडले आहे, पण उत्तर बरोबर आहे का, ते तू सांग," असे म्हणत त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकविला.

तो कागद म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे 'व्हिसा बुलेटिन' हे मासिक पत्रक होते. गुरुजींचा मुलगा २०११ मध्ये नोकरीनिमित्त अमेरिकेला गेला. त्याला तेथे कायमचे राहू द्यावे, असा अर्ज त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये केला. तो अर्ज मंजूरही झाला. तरीही कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला सर्वजण 'ग्रीन कार्ड' म्हणतात तो, त्याच्या हाती पडलेला नाही. ज्यांचे अर्ज अमुक तारखेपूर्वीचे आहेत त्यांचा क्रमांक आता लागला, एवढेच हे पत्रक दरमहा सांगते. एखाद्याने पंचांगात चतुर्थी पाहावी तसे गुरुजी दर महिन्याला त्यात एकच रकाना पाहतात. भारत, दुसरी श्रेणी. डिसेंबर २०२५ च्या पत्रकात त्या रकान्यात तारीख होती १५ मे २०१३.

गुरुजींचे त्रैराशिक असे होते. डिसेंबर २०२२ च्या पत्रकात याच रकान्यातील तारीख ८ ऑक्टोबर २०११ होती. म्हणजे छत्तीस महिन्यांत रांग एकोणीस महिने पुढे सरकली. मे २०१३ पासून ऑगस्ट २०१६ पर्यंतचे एकोणचाळीस महिने अजून कापावयाचे आहेत. तर त्यास किती काळ लागेल? उत्तर आले सुमारे चौऱ्याहत्तर महिने, म्हणजे २०३२ चा प्रारंभ. आकडेमोडीत चूक नव्हती. परंतु ते उत्तर खरे नाही, हे मला ठाऊक होते. आणि मला वाटते, गुरुजींनाही ते ठाऊक होते.

कायद्याची घडण

हे उत्तर खरे का नाही, हे समजण्यासाठी ही रांग कशी तयार झाली ते पाहिले पाहिजे. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने राष्ट्रनिहाय कोटे ठरवून युरोपातील काही देशांना झुकते माप दिले होते आणि आशियाई लोकांस जवळजवळ दार बंद केले होते. १९४६ मध्ये भारतीयांसाठी ते दार किलकिले झाले, ते वर्षाला अवघ्या शंभर माणसांपुरते. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने हे जुने कोटे मोडीत काढले. आपल्याकडील डॉक्टर आणि इंजिनिअर अमेरिकेस जाऊ लागले ते त्यानंतरच. कोणा एका देशाने सर्व जागा व्यापू नयेत म्हणून प्रत्येक देशास सारखी कमाल मर्यादा असावी, हे तत्त्वही त्याच सुधारणेतून आले. जुन्या भेदभावावरचा तो उतारा होता, हे विसरून चालणार नाही.

१९९० च्या कायद्याने आजची चौकट ठरविली. नोकरीच्या आधारे द्यावयाची ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजार, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतील सात टक्क्यांहून अधिक नाहीत. या एक लाख चाळीस हजारांत अर्जदाराची पत्नी आणि मुलेही मोजली जातात. म्हणजे चौघांच्या एका कुटुंबामागे चार जागा खर्ची पडतात. उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या श्रेणीत सुमारे चाळीस हजार जागा असून सात टक्क्यांच्या हिशेबाने भारताच्या वाट्यास त्यांतील सुमारे अठ्ठावीसशे येतात. इतर देशांनी न वापरलेल्या काही जागा वर मिळतात, पण त्यांचा भरवसा नसतो. एकशे चाळीस कोटींच्या भारताला जी मर्यादा, तीच पाच-सहा लाखांच्या माल्टाला.

शिवाय येथे पाहिला जातो तो जन्मदेश, नागरिकत्व नव्हे. एखाद्या गोमंतकीय कुटुंबातील थोरला भाऊ वडील नोकरीस असताना कुवेतमध्ये जन्मला आणि धाकटा फोंड्यात जन्मला, असे समजा. दोघांचा पासपोर्ट भारतीय, पदवी एक, नोकरीही एकाच ठिकाणी. तरी थोरल्याचा क्रमांक थोडक्या काळात लागेल आणि धाकटा वर्षानुवर्षे ताटकळत राहील. गुणवत्तेच्या नावाने उभारलेल्या व्यवस्थेत आईची प्रसूती कोठे झाली यावर सारे ठरावे, यास तर्कशुद्ध म्हणणे कठीण आहे.

आता गुरुजींच्या त्रैराशिकाकडे वळू. त्रैराशिक चालते ते वेग स्थिर असेल तर. या रांगेत एका महिन्याच्या अंतरात किती माणसे उभी आहेत, ते सारखे नसते. संगणक-व्यवसाय वाढत गेला तसे पुढील वर्षांतील अर्जही दाटत गेले. आणखी एक गोष्ट अशी की ही रांग मागेही सरकते. सप्टेंबर २०२२ मध्ये याच रकान्यात १ डिसेंबर २०१४ ही तारीख होती. तीन महिन्यांत ती २०११ पर्यंत मागे गेली. जिच्यात उभा असलेला माणूस एके दिवशी तीन वर्षांनी मागे ढकलला जातो, अशी रांग आपल्या रेशनच्या दुकानातही कोणी पाहिली नसेल. काटो इन्स्टिट्यूट या वॉशिंग्टनमधील अभ्याससंस्थेने २०२३ मध्ये असा अंदाज मांडला की नोकरीवर आधारित प्रलंबित प्रकरणे सुमारे अठरा लाख असून त्यांतील सुमारे अकरा लाख भारतीयांची आहेत; आणि नव्याने रांगेत येणाऱ्या भारतीयास सुमारे एकशे चौतीस वर्षे थांबावे लागेल. ज्या प्रतीक्षेचा काळ माणसाच्या आयुष्याहून मोठा आहे तिला प्रतीक्षा म्हणता येत नाही. तो नकारच होय. फक्त तो तोंडावर सांगितलेला नाही.

सालगड्याची स्थिती

थांबावे लागते, पण नोकरी तर चालू असते, पगारही उत्तम असतो. मग तक्रार कसली, असे आपल्याकडे सहज विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पगारात नाही, सौदाशक्तीत आहे.

एच-१बी परवान्यावर सामान्यतः सहाच वर्षे राहता येते. २००० साली झालेल्या कायद्याने, ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर होऊन केवळ जागेअभावी अडला आहे त्यांना मुदतवाढ देण्याची सोय केली. परंतु ही मुदतवाढ मागावयाची ती मालकाने. ग्रीन कार्डसाठी प्रथम या कामास पात्र आणि राजी असा स्थानिक माणूस मिळत नाही, असा श्रम खात्याचा दाखला घ्यावयाचा तोही मालकाने; आणि त्यापुढील अर्जही त्यानेच करावयाचा. कर्मचाऱ्याने नोकरी बदलली तर अर्ज एकदा मंजूर झालेला असल्यास जुनी तारीख टिकते, पण दाखल्यापासूनचे बाकीचे सारे सोपस्कार नव्या मालकाने पुन्हा करावे लागतात. हुद्द्यात मोठा बदल झाला तरी तीच अडचण. मग बढतीदेखील नको, आहे ते बरे, असे वाटू लागते. नोकरी गेलीच तर दुसरा मालक शोधण्यास जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये मोठ्या संगणक-कंपन्यांनी नोकरकपात केली, तेव्हा तेथेच मुले वाढविलेली, कर्जाने घरे घेतलेली किती माणसे हे साठ दिवस बोटांवर मोजत बसली!

आपल्याकडील सालगड्याची उपमा येथे पूर्णतः लागू पडत नाही. हा कर्मचारी गरीब नाही, त्याने उचल घेतलेली नाही आणि मायदेशी परतण्याचा मार्ग त्याला सदैव मोकळा आहे. पण एका बाबतीत साम्य आहे. श्रमिकाला मालक सोडण्याची जी किंमत मोजावी लागते, तीच मालकाची शक्ती असते. ही किंमत कायद्याने वाढविली की पगाराची बोलणी कर्मचारी दबूनच करतो. म्हणजे या रांगेने अमेरिकन कामगाराचेही हित साधत नाही. शेजारच्या टेबलावरील माणूस वाढ मागू शकत नसेल, तर त्याचीही मागणी दुबळी होते.

सर्वांत अवघड भाग मुलांचा आहे. आईवडिलांच्या अर्जावर मुलाचा हक्क त्याला एकविसावे वर्ष लागेपर्यंतच राहतो. २००२ च्या एका कायद्याने वय मोजताना थोडी सूट दिली, ती अर्जाची छाननी चालू असतानाच्या काळापुरती. रांगेत गेलेली वर्षे त्यात वजा होत नाहीत. ज्या देशात पहिलीपासून शिक्षण झाले, तेथे या मुलास एकविसाव्या वर्षी विदेशी विद्यार्थी म्हणून नवा परवाना काढावा लागतो, नाही तर ज्या मायदेशाची शाळा त्याने पाहिली नाही तेथे परतावे लागते.

टंचाई आणि वाटप

माझ्या लहानपणी आमच्या घरी टेलिफोनसाठी नाव नोंदविलेले होते. क्रमांक लागण्यास इतकी वर्षे गेली की नोंदणीची पावती वडिलांनी देवघरातील डब्यात ठेवली होती. स्कूटरचीही तीच गत असे. रांग ही वाटपाची एक पद्धत आहे. किंमत वाढू द्यावयाची नसेल आणि पुरवठा वाढवावयाचा नसेल, तर काळ हीच किंमत बनते. आपल्याकडील त्या रांगा सरल्या त्या पुरवठा वाढला तेव्हा. लोकांनी अधिक सोशीकपणा दाखविला म्हणून नव्हे.

अमेरिकेत तर ठरलेला पुरवठाही प्रसंगी वाया जातो. २०२० मध्ये महामारीमुळे वकिलाती बंद राहिल्या. कौटुंबिक विभागातील शिल्लक जागा कायद्यानुसार पुढील वर्षी नोकरीच्या विभागाकडे वळल्या आणि २०२१ च्या आर्थिक वर्षात तेथे अडीच लाखांहून अधिक जागा उपलब्ध झाल्या. पण कागदपत्रांचा निपटारा वेळेत न झाल्याने त्यांतील सुमारे सहासष्ट हजार न वापरताच संपल्या. लाखो माणसे दारात उभी असताना!

या रांगेने एकदा आपला आवाज ऐकविला होता. जुलै २००७ च्या पत्रकात नोकरीच्या जवळजवळ सर्व श्रेणी खुल्या झाल्याचे जाहीर झाले. लोकांनी धावपळ करून कागद जमविले आणि २ जुलैला सांगण्यात आले की जागा संपल्या. तेव्हा तेथील भारतीयांनी 'लगे रहो मुन्नाभाई' या २००६ च्या चित्रपटातील गांधीगिरीचा मार्ग धरला आणि स्थलांतर खात्याच्या संचालकांकडे पुष्पगुच्छांचा ढीग पाठविला. संचालकांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयांकडे वळविली. १७ जुलैला मूळ निर्णय पुन्हा लागू झाला.

तथापि कायदा बदलला नाही. देशनिहाय मर्यादा काढण्याचे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने वेगळ्या मसुद्यास संमती दिली. दोहोंचा मेळ बसण्यापूर्वीच मुदत संपली आणि विधेयक बारगळले.

विरोधकांचे म्हणणेही निराधार नाही. एकूण जागा तेवढ्याच ठेवून केवळ देशनिहाय मर्यादा काढली, तर काही वर्षे बहुतेक जागा भारतीयांकडे जातील आणि फिलिपाइन्सच्या परिचारिकेस किंवा नायजेरियाच्या डॉक्टरास थांबावे लागेल. प्रतीक्षा नाहीशी होणार नाही, तिची फेरवाटणी होईल. म्हणून खरा उपाय जोडीचा आहे. मर्यादा शिथिल करावी, एकूण संख्या वाढवावी, पत्नी आणि मुले त्या संख्येतून वगळावीत आणि वाया गेलेल्या जागा पुन्हा वापरात आणाव्यात. कोणाला आत घ्यावे हे ठरविण्याचा अमेरिकेचा अधिकार कोणी नाकारीत नाही. परंतु ज्याची गरज आपल्याच श्रम खात्याने मान्य केली, ज्याचा अर्ज मंजूर केला, ज्याच्याकडून वर्षानुवर्षे कर घेतले, त्याला 'हो' म्हणून जन्मभर दारात उभे करावयाचे, हा अधिकाराचा भाग नव्हे.

आपला हिशेब

आपल्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. दरवर्षी माझे काही विद्यार्थी परदेशी शिक्षणाची कर्जे काढताना सल्ला विचारावयास येतात. शुल्क किती, पगार किती, रुपयात किती, हे सारे त्यांना मुखोद्गत असते. रांगेची लांबी मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली, तेव्हा आपल्याकडे मोठी खळबळ माजली. परंतु त्याहून कितीतरी मोठी किंमत आपली माणसे वर्षांच्या चलनात मुकाट्याने मोजीत आली आहेत, तिची चर्चा झाली नाही. जाऊ नका, असे मी कोणास सांगत नाही. पण तारुण्याची पंधरा-वीस वर्षे हाही खर्चच आहे, आणि तो मांडूनच निर्णय घ्यावा.

त्या सायंकाळी मी गुरुजींना वेगाचे आणि दाटीचे हे सारे समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "म्हणजे २०३२ हे कमीत कमी."

मी होय म्हणालो.

त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक वजाबाकी केली. त्यांच्या नातीचा जन्म २००८ चा, पुण्याचा. ती तीन वर्षांची असताना अमेरिकेला गेली. २०२९ मध्ये तिला एकविसावे लागेल. त्यांनी ते उत्तर दोनदा तपासले, कागदाची पूर्वीच्याच घड्यांवर घडी घातली आणि पिशवीत ठेवला. निघताना दारात थांबून एवढेच म्हणाले, "पुढच्या महिन्याचे पत्रक आले की पुन्हा येतो. तोवर तूही एकदा मांडून पाहा."