प्रेअरी डॉगची शिकार बघताय? मग जतच्या रानातली उंदीर मोहीम कशी आखायची तेही वाचा

एपिसोड ऐकला नसेल तर हा लिखित भाग वाचा, आणि ऐकला असेल तर सेव्ह करून ठेवा, पेरणीच्या आधी कामाला येईल.

तुमच्या मोबाईलवर एक प्रकारचे व्हिडिओ सारखे येत असणार. अमेरिकेतला मोकळा गवताळ माळ, पिकअप गाडी, स्टँडवर ठेवलेली रायफल, दुर्बीण. आणि लांब बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा असलेला, जाडजूड खारीसारखा प्राणी. तो प्रेअरी डॉग. नावात डॉग असला तरी कुत्र्याशी त्याचा काही संबंध नाही. तो खारीच्या कुळातला, जमिनीत बिळं करून वसाहतीनं राहणारा प्राणी. भुंकल्यासारखा आवाज काढतो म्हणून ते नाव.

तो माळ बघून उमदी, संख, माडग्याळकडच्या पोरांना वाटणारच, "अरे, हे तर आपलंच रान! आपण पण अशी एक ट्रिप काढूया की." तर आज हाच विषय. आपल्याकडे असं प्लॅनिंग होऊ शकतं का? होऊ शकतं. पण प्राणी वेगळा, हत्यार वेगळं, आणि चुकलात तर थेट तुरुंग.

तिकडे चालतं ते इकडे का नाही?

अमेरिकेत पशुपालकांची तक्रार अशी, की प्रेअरी डॉग गवत खातो आणि त्याच्या बिळात जनावरांचा पाय अडकतो. म्हणून अनेक राज्यांत त्याची शिकार चालते. पण तिकडेही मोकळं रान नाही. लायसन्सचे नियम राज्याराज्यांत वेगळे, जमीनमालकाची परवानगी लागते, काही ठिकाणी पिलांच्या दिवसांत सरकारी जमिनीवर बंदी असते. यूटा राज्यातल्या प्रेअरी डॉगच्या जातीला तर कायद्याचं संरक्षण आहे. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फास लावणं, आमिष दाखवणं, हाकून काढणं, एवढंच काय, नुसता प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. म्हणजे रात्री बॅटरी आणि कुत्री घेऊन सशाच्या मागं निघालात आणि ससा निसटला, तरी गुन्हा झाला.

"पण ससा तर सगळेच मारतात!" हे वाक्य गावात ऐकू येतं. कोर्टात ते चालत नाही. ससा संरक्षित आहे. त्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोरपड, मोर, काळवीट, लांडगा हे तर अनुसूची एकमधले. तिथं कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं आणि वर किमान २५ हजार दंड. गाडी जप्त होऊ शकते ती वेगळीच. एअरगनला लायसन्स लागत नसलं म्हणून काही फरक पडत नाही. गुन्हा हत्यारावर ठरत नाही, प्राण्यावर ठरतो. आणि त्याची रील टाकलीत, तर पुरावा तुम्हीच दिलात.

रानडुकराचं काय? त्याला पिकाच्या नुकसानीपोटी वनखात्याची परवानगी मिळू शकते, अटींसह. पण ती नुकसान झालेल्या शेतकऱ्यासाठी असते, मित्रांच्या ट्रिपसाठी नाही.

मग आपला प्रेअरी डॉग कोणता?

जमिनीत बिळं करणारा, घोळक्यानं वाढणारा, पीक खाणारा आणि ज्याचा बंदोबस्त करायला कायद्याची आडकाठी नाही असा एकच. शेतातला उंदीर आणि त्याची मोठी बहीण घूस. शाळू, बाजरी, मका, भुईमूग, कशालाच ती सोडत नाहीत. घूस नुसती खात नाही, कणसं ओढून नेऊन बिळात कोठार भरते. ठिबकच्या नळ्या कुरतडल्या की तो खर्च वेगळा.

शेतातल्या घुशीची पिलं साधारण तीन आठवड्यांत जन्माला येतात आणि एका वेळी सहा-आठ, कधी त्याहून जास्त. म्हणून "दिसला की मारू" हे धोरण कधीच पुरत नाही. इथं प्लॅनच लागतो.

प्लॅन असा करा

पहिलं, माणसं. एकट्यानं आपलंच रान साफ केलं तर शेजारच्या बांधातले उंदीर थोड्याच दिवसांत रिकाम्या बिळात येऊन राहतात. म्हणून भावकी, शेजारी, वस्तीवरची दहा-वीस खातेदार मंडळी एकत्र घ्या आणि सलग पट्टा ठरवा. व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, त्याचा एकदा गुड मॉर्निंग सोडून उपयोग होईल.

दुसरं, वेळ. सगळ्यात चांगली वेळ मे-जून, पेरणीच्या आधी. रानात खायला कमी, गवत वाळलेलं, बिळं उघडी दिसतात. दुसरी संधी शाळू पोटरीत यायच्या आधी. कणसं भरल्यावर जागे झालात तर उशीर झाला, कारण ताजं दाणे असताना उंदीर आमिषाकडं फिरकतही नाही.

तिसरं, मोजणी. ही पायरी लोक हमखास गाळतात. संध्याकाळी पट्ट्यातली सगळी बिळं मातीनं बुजवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत बिळं. त्यांना काठी रोवा, आकडा लिहून ठेवा. तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर घूस असण्याची शक्यता जास्त. यानं मेहनत निम्मी होते, कारण रिकाम्या बिळांवर वेळ जात नाही.

चौथं, साधन. सापळे, खोदाई आणि धुरी. पाणी सोडून बिळं बुडवायचा सल्लाही मिळतो, पण जतमध्ये पाण्याचा हिशोब तुम्हाला मी काय सांगायचा! त्यामुळं सापळा आणि खोदाईवरच भर द्या. हात मात्र बिळात घालू नका. उंदराच्या बिळात साप असणं अगदी नेहमीचं आहे. साप दिसला तर काम थांबवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन करा.

पाचवं, औषध. हे शेवटचं, आणि कृषी सहायकाला विचारूनच. झिंक फॉस्फाईडवर विशिष्ट उतारा नाही. ते कालवायला घरातलं भांडं नको, उघडे हात नकोत, आणि आमिष उघड्यावर नाही तर जिवंत बिळाच्या आत. शेळ्यामेंढ्या, कुत्री, लहान पोरं त्या दिवशी त्या रानात नकोत. मेंढपाळांचा कळप येणार असेल तर त्यांना आधी निरोप द्या. माडग्याळी मेंढीची किंमत काय असते ते तुम्हाला माहीत आहे. कुणाच्या पोटात गेलंच तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाचं पाकीट दवाखान्यात सोबत न्या. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांना तर हातच लावू नका. त्यांचा वायू जीव घेतो आणि त्यांच्या वापरावर सरकारी निर्बंध आहेत.

सहावं, विल्हेवाट. मेलेले उंदीर हातमोजे घालून गोळा करा आणि खोल पुरा. घाण दिसते एवढंच कारण नाही. प्लेगचा जंतू उंदराच्या पिसवांमधून पसरतो. उंदीर मेला, की पिसवा दुसरं अंग शोधतात. १९९४ साली आपल्याच बीड जिल्ह्यात मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले आणि पाठोपाठ सुरत हादरलं. गंमत बघा, अमेरिकेतल्या प्रेअरी डॉगच्या वसाहतीच्या वसाहती आजही याच प्लेगनं मरतात. रानात एकदम, औषधाशिवाय, खूप उंदीर मरून पडलेले दिसले तर त्यांना हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला कळवा.

सातवं, पुन्हा मोजणी. आठ-दहा दिवसांनी परत बिळं बुजवा आणि उकरलेली मोजा. आधीचा आकडा आणि आत्ताचा आकडा, हाच तुमचा स्कोअर. मेलेल्या उंदरांचा फोटो म्हणजे स्कोअर नाही.

पगार न घेणारे शिकारी

प्रेअरी डॉगच्या गोष्टीत एक धडा आहे. काळ्या पायांचा फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी त्याच्यावरच जगतो. विषानं आणि प्लेगनं प्रेअरी डॉग कमी झाले, तसा फेरेटही गेला. तो संपलाच असं लोक धरून चालले होते. १९८१ साली वायोमिंग राज्यात थोडे सापडले, आणि १९८७ पर्यंत उरले होते फक्त १८. त्यांना पकडून, वाढवून ती जात कशीबशी वाचवली गेली.

आपल्या रानातले फेरेट म्हणजे गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस, कोल्हा. ही सगळी मंडळी उंदीर खातात. विष खाल्लेला उंदीर त्यांनी खाल्ला तर तीही मरू शकतात, आणि पुढच्या हंगामात उंदीर दुप्पट जोमानं येतात. म्हणून औषध कमी, सापळा जास्त. रानात दहा-बारा पक्षीथांबे उभे करा. आडवी फळी ठोकलेला साधा बांबू पुरतो. रात्री घुबड त्यावर येऊन बसतं आणि फुकटात काम करतं. घुबड अशुभ म्हणून दगड मारणाऱ्याला एकदा शांतपणे हिशोब समजावून सांगा. धामण दिसली तर काठी खाली ठेवा.

तर मंडळी, शिकारीची खाज असेल तर ती मोजणीत आणि नेमक्या बिळावर लावलेल्या सापळ्यात भागवा. या पेरणीआधी तुमच्या पट्ट्यात जिवंत बिळं किती निघाली आणि मोहिमेनंतर किती उरली, ते दोन आकडे गावाच्या नावासह आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवू. तोपर्यंत रानात सांभाळून, आणि पायात बूट घालूनच!