सुगंध, ॲलर्जी आणि आपल्या मुलांची त्वचा



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की वर्गात एक-दोन मुलं मान, हात खाजवत बसलेली दिसतातच. मागे माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीच्या मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे उठले होते. "मॅडम, तिला खरूज झालीय, आम्ही नाही तिच्याजवळ बसणार," असं म्हणून मुलं सरकून बसली. मधल्या सुट्टीत खिचडी खायलाही तिच्या शेजारी कोणी बसेना. नंतर आईकडून कळलं, की सुट्टीभर नवीन सुगंधी उटणं आणि तेल रोज लावलं होतं. डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं, औषध दिलं आणि चट्टे गेले. खरूज नव्हतीच. ती होती सुगंधाची ॲलर्जी.

ॲलर्जी कशी होते?

आपल्या शरीराची रोगप्रतिकारक शक्ती कधीकधी एखाद्या साध्या पदार्थालाच शत्रू समजते आणि ते लक्षात ठेवते. पहिल्यांदा काहीच होत नाही. पुढे तोच पदार्थ पुन्हा लागला, की एक ते तीन दिवसांत खाज, लाली, बारीक पुरळ येतं. रविवारी लावलेल्या क्रीमचं पुरळ मंगळवारी दिसतं, म्हणून आपल्याला कारणच सापडत नाही. "आम्ही तर वर्षानुवर्षं हेच वापरतो" हे म्हणणंही इथे उपयोगाचं नाही.

आपल्या बारामती-इंदापूर भागातलं उदाहरण घ्या. कालव्याच्या कडेला, बांधावर गाजरगवत माजलेलं असतं. वर्षानुवर्षं ते हाताने उपटणाऱ्या माणसाला एखाद्या वर्षी अचानक चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर खाज सुटते. सुगंधाची ॲलर्जीही त्याच पद्धतीने होते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक का?

नाही. गाजरगवतही नैसर्गिकच आहे की! लवंगेतलं युजेनॉल, गुलाबातलं जिरॅनिऑल, लव्हेंडरमधलं लिनालूल, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, या सगळ्यांची काही जणांना ॲलर्जी होते. लिनालूल आणि लिमोनीन हवेत राहून बदलतात आणि जास्त त्रासदायक बनतात. त्यामुळे बरेच दिवस उघडी राहिलेली बाटली वापरू नये.

युरोपात २००५ पासून असे २६ सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील, तर त्यांची नावं पाकिटावर वेगळी छापावी लागतात. २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या वर नेली. आपल्याकडे मात्र पुष्कळ पाकिटांवर 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' एवढा एकच शब्द असतो. त्या एका शब्दात अनेक घटक दडलेले असू शकतात. 'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूतही मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. म्हणून 'फ्रॅग्रन्स फ्री' लिहिलेलं पाहा आणि घटकांची यादीही वाचा.

पालकांनी काय करावं?

१. पुरळ दिसताच साबण, तेल, पावडर, उटणं अशा सगळ्या सुगंधी वस्तू थांबवा.
२. नवीन क्रीम किंवा तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा.
३. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नका. अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. पुरळ दबतं, पण चुकीच्या वापराने त्वचा पातळ होते.
४. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना पॅच टेस्टबद्दल विचारा. यात पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात आणि नंतर पुन्हा तपासतात.
५. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि आपण शिक्षकांनी?

ॲलर्जी एकाची दुसऱ्याला होत नाही. खरूज मात्र होते. पण यातलं काय आहे, हे डॉक्टर ठरवतील, शेजारच्या बाकावरची मुलं नाही. मी पुढच्याच आठवड्यात मुलांना घरून साबणाची रिकामी वेष्टनं आणायला सांगितली. फळ्यावर इंग्रजीत 'परफ्यूम' लिहिलं आणि तो शब्द वेष्टनावर शोधायला लावला. सगळ्यात आधी तो सापडला त्याच मुलीला. मग "मला दाखव, मला दाखव" करत सगळी मुलं तिच्या बाकाभोवती गोळा झाली.

तुमच्याही वर्गात हा छोटा उपक्रम नक्की घेऊन बघा.