सहा सेंट्रलायझर आणि एक टेस्ट: तेलविहिरीचं केसिंग

मंडळी, बोअर मारताना केसिंग पाईप टाकतात ते तुम्ही पाहिलं असेल. वरची माती-मुरूम ढासळू नये एवढ्यासाठी. खाली कातळ लागला की पाईप संपला. तेलविहिरीत मात्र हे काम टप्प्याटप्प्याने खोलवर चालतं: आधी रुंद पाईप, त्याच्या आतून पुढचं ड्रिलिंग, मग त्याहून अरुंद पाईप. घडीच्या दुर्बिणीसारखं.

एका दमात का नाही? ड्रिलिंग चालू असताना विहिरीत जड चिखल भरलेला असतो, त्याला मड म्हणतात. त्याच्या दाबाने खालचा गॅस आणि तेल दबून राहतं. मड हलकं पडलं तर गॅस आत घुसतो, जास्त जड झालं तर खडकच फाटतो. खाली जाल तसं जड मड लागतं, आणि वरच्या कच्च्या खडकाला ते झेपत नाही. मग तेवढा भाग पोलादाने झाकायचा आणि पुढे जायचं.

पण पाईप आणि खडक यांच्यात फट उरतेच. सिमेंट पाईपच्या आतून खाली पंप करतात, ते तळाशी बाहेर पडून फटीत वर चढतं. पाईप एका बाजूला टेकलेला असेल तर सिमेंट मोकळ्या बाजूने निघून जातं, अरुंद बाजूला मड तसंच राहतं. गॅसला तेवढी वाट पुरते! म्हणून पाईप मधोमध ठेवायला बाहेरून सेंट्रलायझर लावतात.

आता मेक्सिकोच्या आखातात चला. बीपीची माकोंडो विहीर, डीपवॉटर हरायझन रिग, 2010. सिमेंटचं काम करणाऱ्या हॅलिबर्टनच्या मॉडेलने 21 सेंट्रलायझर सुचवले होते, लागले फक्त 6. इंटरनेटवर सगळे इथेच थांबतात. मला ते पटत नाही, कारण पुढच्या तपासांत गॅस पाईपच्या तळातल्या सिमेंटमधून, म्हणजे आतून, वर आल्याचीच शक्यता जास्त दिसली.

माझ्या मते खरा घोळ टेस्टचा. सिमेंट तपासायला आलेली लॉगिंगची टीम 20 एप्रिलला सकाळी टेस्ट न करताच परत पाठवली. मग निगेटिव्ह प्रेशर टेस्ट झाली: वरचा दाब मुद्दाम कमी करायचा आणि विहीर शांत राहते का बघायचं. ड्रिल पाईपवर 1,400 पीएसआय दिसत होतं, शेजारच्या किल लाईनवर शून्य. दोन्ही आकडे एकाच विहिरीचे, एवढा फरक कसा? कुणीतरी 'ब्लॅडर इफेक्ट' असं कारण दिलं आणि शून्यवाला आकडा धरून टेस्ट पास केली. आपल्याकडे टेस्ट लाल आली की "अरे, ती फ्लेकी आहे" म्हणून मर्ज करतात ना, अगदी तसंच. फक्त इथे रोलबॅक नव्हता.

त्याच रात्री स्फोट झाला. 11 कामगार गेले. तेलाचा प्रवाह 15 जुलैला थांबला, आणि शेजारून खणलेल्या दुसऱ्या विहिरीतून तळाशी सिमेंट भरून 19 सप्टेंबरला माकोंडो बंद झाल्याचं जाहीर केलं गेलं. या वेळी प्रेशर टेस्ट पास झाल्यावरच.