एक्सप्लेनर : निर्वासित छावणी ते कॉलेज चॅम्पियन, लोपेझ लोमाँगच्या १५०० मीटरमधून भंडाऱ्याच्या मुलांनी काय घ्यावं?

भंडारा : पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना १६०० मीटरचं गणित पाठ असतं. ५ मिनिटं १० सेकंदांत आलात तर २० पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटं ५० सेकंद. भरती झाली किंवा वय निघून गेलं, की बहुतेकांचं धावणं तिथंच थांबतं. जवळपास याच अंतरावर एका निर्वासित मुलाने मात्र कॉलेज, नागरिकत्व आणि ऑलिंपिक असा प्रवास केला. कसा, ते समजून घेऊ.

कोण आहे लोमाँग?

जन्म आताच्या दक्षिण सुदानमधला. यादवी युद्धात, ६ वर्षांचा असताना, सशस्त्र टोळीने त्याला पळवून नेलं. तीन मोठ्या मुलांसोबत तो निसटला आणि पळत केनियात पोहोचला. पुढची १० वर्षं काकुमा छावणीत गेली. तिथं फुटबॉल खेळायचा तर आधी छावणीभोवती सुमारे ३० किलोमीटरची फेरी मारायची, असा मुलांचाच नियम होता. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमधली मायकल जॉन्सनची शर्यत त्याने पैसे मोजून ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पाहिली. २००१ मध्ये अमेरिकेने आश्रय दिला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या टली गावातल्या एका कुटुंबाने त्याला सांभाळलं.

कॉलेजमध्ये काय घडलं?

लोमाँग नॉर्दर्न अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीकडून धावला. ही युनिव्हर्सिटी फ्लॅगस्टाफमध्ये, सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेतल्या सरावाने दम वाढतो. २००७ मध्ये त्याने एनसीएए, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १५०० मीटर ३ मिनिटं ३७.०७ सेकंदांत जिंकले. त्याच वेगाने १६०० मीटर धरले तर वेळ येते सुमारे ३ मिनिटं ५२ सेकंद.

त्याच वर्षी जुलैत तो अमेरिकेचा नागरिक झाला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकी पथकाचा ध्वज त्याच्या हातात होता. व्यावसायिक धावपटू झाल्यावर राहिलेली पदवीही त्याने २०११ मध्ये पूर्ण केली.

हा एकटाच अपवाद आहे का?

नाही. मेक्सिकोतून लहानपणी टेक्सासला आलेला लिओनेल मॅन्झानो २००५ आणि २००८ मध्ये याच शर्यतीचा कॉलेज चॅम्पियन होता. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या १५०० मीटरमध्ये त्याने रौप्यपदक जिंकलं.

आपल्याकडच्या मुलांना ही वाट आहे?

आहे, पण वेगळी. लोमाँग निर्वासित म्हणून गेला होता. आपला मुलगा स्टुडंट व्हिसावर जाईल. उंच उडीतला तेजस्विन शंकर असाच कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत गेला आणि २०१८ व २०२२ मध्ये एनसीएए चॅम्पियन झाला.

तीन गोष्टी लक्षात ठेवा :

१. अधिकृत वेळ. मैदानावर मित्राने घेतलेली वेळ कोच धरत नाहीत. जिल्हा, राज्य, आंतरविद्यापीठ स्पर्धेतली नोंद हवी.

२. अभ्यास. शाळेतले गुण आणि इंग्रजी दोन्ही तपासले जातात. बारावीनंतर बरीच वर्षं गेली तर खेळण्याची पात्रता कमी होऊ शकते.

३. पैसा. स्कॉलरशिप पूर्णच मिळेल असं नाही. अनेक वर्षं पुरुषांच्या अख्ख्या अ‍ॅथलेटिक्स संघाला मिळून १२.६ पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती. त्यातूनच सगळ्यांना वाटा मिळायचा. एजंटला पैसे देण्याआधी युनिव्हर्सिटीच्या कोचला थेट ईमेल करा.

यासाठी भरतीची तयारी सोडायची गरज नाही. पण दहावी-अकरावीतली एखादी मुलगी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या बरीच आधी संपवत असेल, तर तिला २० गुणांवर थांबवू नका. तिला आधी जिल्हा स्पर्धेत उतरवा.