नकाशावरचे कुंपण

वाचकहो, समजा, गावाच्या नकाशावर दर आजारी माणसामागे एक ठिपका मांडला आहे. संगणकाच्या पडद्यावर त्यातल्या एखाद्या भागाभोवती हाताने कुंपण ओढले, की आतल्या ठिपक्यांची तेवढी यादी निघते. यंत्राला आत-बाहेर कळते कसे, म्हणाल? युक्ती सोपी आहे. ठिपक्यापासून एका बाजूला सरळ रेघ दूरवर न्या आणि ती कुंपणाला किती वेळा छेदते ते मोजा. विषम वेळा छेदली तर ठिपका आत; सम वेळा किंवा मुळीच नाही, तर बाहेर. कागदावर करूनच पाहा ना!

पण कुंपण घालायचे कोठून, हे आपणच ठरवायचे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकी पसरली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले. जिथून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा जवळचा पंप रस्त्याने सारख्याच अंतरावर पडतात, अशा जागा जोडून त्यांनी कुंपण आखले. बहुतेक मृत्यू आत पडले. तरी तिथल्याच गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसांपैकी पाचच दगावली. त्यांची विहीर निराळी होती. उलट दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई पटकीने गेली. ती आवडीने ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी मागवीत असे!

तेव्हा यादी हाती आली म्हणून थांबू नका. आत वाचले कोण, बाहेर गेले कोण, याचीही चौकशी करा. स्नो यांचा पाण्यावरचा संशय अशा अपवादांनीच पक्का झाला.