आडनावाचा माग

देवणीची गाय दूरच्या बाजारात नुसती ‘देवणी’ म्हणून ओळखली जाते. खुद्द आपल्या पंचक्रोशीतला जाणता शेतकरी मात्र ती वानेरा, बालंक्या की शेवेरा, असे विचारतो. गावाचे नाव गावाबाहेर पडल्यावरच ओळखीला उपयोगी पडते. माणसांचेही तसेच आहे. उदगिरात राहणाऱ्यास कोणी ‘उदगीरकर’ का म्हणेल? तेथे सारेच उदगीरचे. तो बिऱ्हाड घेऊन परगावी गेला की तेथले लोक त्यास ‘उदगीरकर’ म्हणू लागतात. तेव्हा असे आडनाव म्हणजे मागे सोडलेल्या गावाची खूण होय. तो मुक्काम कुळाचा पहिला होता की चौथा, हे त्यावरून कळत नाही.

दूरच्या नॉर्वे देशातही असाच प्रकार आढळतो. तेथील खेड्यांत माणसाच्या नावापुढे बापाचे नाव लागे. त्यास मुलगा असेल तर ‘सेन’ आणि मुलगी असेल तर ‘दात्तर’ असा प्रत्यय जोडीत. शेवटी, तो राहत असे त्या शेतवाडीचे नाव. दुसऱ्या वाडीवर राहावयास गेला की हे शेवटचे नाव बदले. 1923 च्या कायद्याने तेथे घराण्याला एकच कायमचे आडनाव धरणे भाग पडले. म्हणून तेथील वंशशोधक आडनावाच्या साम्यावर विसंबत नाही. तो चर्चच्या नोंदवह्या आणि 1801 ची नावनिशीवार जनगणना पाहतो.

आपल्याकडे हुद्द्यांची आडनावेही पुष्कळ. देशमुख व देशपांडे परगण्याचे वतनदार, पाटील व कुलकर्णी गावाचे. पाटील हे नाव मराठ्यांत आहे, लिंगायतांत आहे, मुसलमानांतही आहे. काम एक, घराणी अनेक! नांदेडकडच्या ‘वार’ प्रत्ययात तेलुगूचा शेजार दिसतो, तर बिरादार सीमेच्या दोन्ही अंगांस भेटतात. सीमा तरी कालपरवाची. देवणी ज्या उदगीर तालुक्यात मोडत असे, तो 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. पुढे तो तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आला, आणि 1982 साली लातूर जिल्हा झाला. म्हणून आपल्या पणजोबांचा कागद लातुरात न मिळाल्यास बीदर वा हैदराबादेकडे वळावे लागते.

शोधाची रीत सोपी आहे. तिला चिकाटी मात्र हवी. प्रथम घरातील वडीलधाऱ्यांस विचारून नावे लिहून काढावी. मग शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे फेरफार आणि जुने खासरा पत्रक पाहावे. निजामी कागदांवर फसली सन असतो. त्यात 590 वा 591 मिळविले की इसवी सन निघतो. त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यात्रेस गेलेल्या पूर्वजांची नावे, कधी पिढ्यान्‌पिढ्यांची, सापडतात. कर्नाटकाच्या सीमेकडे हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरत आले आहेत.

ही केवळ हौस राहिलेली नाही. 2023 साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जुन्या दप्तरांतील एकेका ओळीवर घरातील मुलांचे दाखले अवलंबून आहेत, हे गावोगावी कळून आले. त्या ओळी कित्येक ठिकाणी मोडीत वा उर्दूत आहेत, आणि त्या वाचणारे हात बोटांवर मोजण्याइतके. कागद राहिला आणि वाचणारा गेला, तर तो असून नसल्यासारखाच. ज्या घरात मोडी वा उर्दू जाणणारे आजोबा आहेत, त्या घराने हे काम उद्यावर टाकू नये.

आणखी एक गोष्ट. नॉर्वेची लेक लग्नानंतरही बहुधा बापाच्याच नावाने नोंदली जाई. त्यामुळे तिच्या माहेरचा माग लागतो. आपल्याकडे लग्नात आडनाव जाते, पुष्कळदा पाळण्यातले नावही जाते. म्हणून आपल्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष असतात आणि ज्यांनी त्यांना जन्म दिला त्यांचा पत्ता नसतो. कुळाचा निम्मा इतिहास असा घरातल्या घरात हरवला आहे. तो कोणत्याही दप्तरात मिळावयाचा नाही. घरी गेल्यावर आजीजवळ बसा आणि विचारा : आजी, तुझे माहेरचे नाव काय होते, आणि तुझ्या आईचे?